मागच्या बाकावरचा शिक्षक

मंडळी, आज जालन्यात बोलतो आहोत, तर इथल्याच वर्गातून सुरुवात करू. समजा, घनसावंगी तालुक्यातली शाळा, सहावीचा वर्ग. बी.एड.ची छात्राध्यापिका अपूर्णांक शिकवते आहे. एक मुलगी म्हणते, एक-अष्टमांश हा एक-चतुर्थांशाहून मोठा. छात्राध्यापिका म्हणते, "चूक. पुढची सांग." मागच्या बाकावर मार्गदर्शक शिक्षक बसलेत. तास संपल्यावर पाठाच्या वहीत शेरा: फलकलेखन सुधारावे, आवाज स्पष्ट ठेवावा. खाली सही. झालं मार्गदर्शन! आणि आठ मोठे म्हणून अष्टमांश मोठा, हे त्या मुलीचं तर्कशास्त्र तसंच राहिलं.

असे शेरे आम्हीही मारलेत, कबूल करतो.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचं केलं आणि शाळेतल्या कामाला २० आठवडे दिले: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. चांगलंच केलं. पण शाळेत या मुलांना बघणार कोण, आणि त्याला बघायला शिकवलं कोणी? आम्ही पाहिलेलं मार्गदर्शकांचं प्रशिक्षण म्हणजे एका दिवसाचं उद्बोधन. प्रपत्रं, गुणदानाचे रकाने, चहा. त्यामागची समजूत अशी, की ज्याला चांगलं शिकवता येतं त्याला शिकवायला शिकवताही येतं.

ही समजूत आम्हाला मान्य नाही. गिल्बर्ट राईल यांनी १९४९ साली 'माहीत असणं' आणि 'करता येणं' यांत भेद केला. पोहण्याची माहिती वेगळी, पोहता येणं वेगळं. आम्ही त्यात तिसरं घालतो: दुसरा का बुडतोय हे काठावरून ओळखणं. ते पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आपोआप येत नाही.

शिवाय इथल्या शिक्षकाकडे कुठल्याच प्रपत्रात न मावणारं ज्ञान असतं. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेलं कोणतं पोर कधी परतलं, त्याचे कोणते धडे हुकले, हे त्याला तोंडपाठ. छात्राध्यापिकेला ते कोणी सांगत नाही. रकानाच नाही ना!

तेव्हा प्रशिक्षण द्यायचं तर वर्गात द्या. चार मार्गदर्शकांनी एकच पाठ बघावा, फक्त मुलं काय बोलली ते लिहावं, आणि मग छात्राध्यापिकेला पहिला प्रश्न कोणता विचारायचा यावर भांडावं. भांडण होईलच, होऊ द्या. फक्त त्या वेळात त्यांचे स्वतःचे वर्ग कोण सांभाळणार, तेही त्याच परिपत्रकात लिहा. दोन शिक्षकी शाळेत एक शिक्षक मागच्या बाकावर बसला, की एक वर्ग उघडा पडतो.