लोकप्रिय गीतांचा इतिहास

लोकप्रियता ही कलेची कसोटी नव्हे, हे वचन आपल्या टीकाकारांच्या तोंडी इतके बसले आहे की, ती इतिहासाची मात्र उत्तम साक्षीदार आहे, याचा त्यांस विसर पडतो. जुन्या हिंदी चित्रगीतांविषयीच्या लेखनात हा दोष विशेष आढळतो. निवडक गीते पुढे ठेवावयाची आणि त्यांवरून सुवर्णयुगाचे चित्र रंगवावयाचे, ही रीत सोपी खरी. परंतु तो इतिहास नव्हे. काळाने निवडून ठेवले तेवढेच ऐकले, तर त्या काळी लोक काय ऐकत होते हे कळावे कसे?

यास आमच्या मते उपाय एकच. त्या त्या वर्षी अग्रस्थानी असलेले गीत, आवडो वा नावडो, क्रमाने ऐकावे. याकरिता 'बिनाका गीतमाले'च्या वार्षिक याद्या हे मोठे उपयुक्त साधन आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवर चित्रगीतांस जवळजवळ मज्जाव झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांच्या निवेदनाने ही गीतमाला सुरू झाली. जे दार येथे बंद झाले, ते समुद्रापलीकडे उघडले.

या याद्या ऐकत गेल्यास अभिरुची सरळ रेषेत पुढे जाते हा समज टिकत नाही. १९५३ साली अग्रस्थानी आले ते 'अनारकली'तील लता मंगेशकर यांचे गीत, संगीत सी. रामचंद्र यांचे. १९५६ साली तो मान 'सी. आय. डी.'मधील गीतास मिळाला, ओ. पी. नय्यर यांनी त्याची चाल 'क्लेमेंटाइन' या जुन्या अमेरिकन गीतावरून घेतली होती. यापुढे विलायती वळणाचेच राज्य, असे कोणासही वाटावे. पण पुढचेच वर्ष पाहा. १९५७ म्हटले की आज 'प्यासा' आणि 'मदर इंडिया' यांची नावे निघतात. यादीच्या शिरोभागी मात्र होते 'जनम जनम के फेरे'मधील लता मंगेशकर व महंमद रफी यांचे युगलगीत. शब्द भरत व्यास यांचे, संगीत एस. एन. त्रिपाठी यांचे. लपणाऱ्या प्रियकराशी लाडिक तक्रार करावी तसा आरंभ, आणि हाक मात्र परमात्म्याला! गौळणींवर पोसलेल्या मराठी कानास ही रीत परकी वाटणार नाही.

या याद्या निर्दोष नाहीत, असा आक्षेप येईल, आणि तो खराही आहे. टूथपेस्टचा खप वाढावा म्हणून चाललेला हा कार्यक्रम. त्यातील क्रम ठरे तो ध्वनिमुद्रिकांची विक्री व श्रोत्यांची पसंती यांवरून. ज्याच्या घरी ना ग्रामोफोन ना रेडिओ, त्याचे मत येथे क्वचितच पोहोचले असेल. तथापि साक्षीदाराचा कल ठाऊक असला म्हणजे त्याची साक्ष टाकाऊ ठरत नाही; ती तारतम्याने घ्यावयाची असते.

'प्यासा'ची गीते थोर आहेत, याविषयी आमचा वाद नाही. परंतु केवळ त्यांवरून १९५७ सालचे वर्णन करणारा टीकाकार त्या वर्षीच्या असंख्य श्रोत्यांना पुसून टाकतो, आणि त्यांच्या जागी स्वतःस बसवितो. गुणांचा निवाडा त्याने अवश्य करावा. परंतु तत्पूर्वी ती विसरलेली तबकडीही एकदा शेवटपर्यंत ऐकावी, एवढेच आमचे सांगणे आहे.