गोळी बुडाकडून वाचावी

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मिलफर्ड गावी डॉ. फ्रँकलिन मॅन नावाचे गृहस्थ राहत. शिक्षण वैद्यकाचं, कमाई कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडं बारीक करणाऱ्या यंत्राची आणि खर्च सगळा रायफलच्या गोळ्यांवर. या खर्चाचा जमाखर्च म्हणजे १९०९ साली न्यूयॉर्कच्या मन अँड कंपनीने छापलेलं त्यांचं पुस्तक, ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट’. प्रश्न एकच: रायफल तीच, दारू तेवढीच, नेमबाजाचा हात मधून काढून टाकलेला, तरीही दहा गोळ्या एकाच भोकातून का जात नाहीत?

शंभर वर्षांनंतर हे पुस्तक कोणी वाचावं? माझ्या मते, ज्याला हजार स्वस्त गोळ्या एकदम विकत घ्यायच्या आहेत त्याने. अमेरिकेतले टार्गेट नेमबाज मोठ्या संख्येने आपली काडतुसं घरीच भरतात. पितळी पुंगळी पुन्हापुन्हा वापरता येते; टोपी, दारू आणि गोळी मात्र दर बाराला नवी लागते, आणि या तिघांत खिशाला जास्त लागते ती बहुधा गोळीच. म्हणून शंभराच्या डब्याऐवजी पाचशे किंवा हजारांचं खोकं घ्यायचा मोह होतो. तिथे प्रश्न पडतो की स्वस्त गोळीत नेमकं काय कमी असतं, आणि जे कमी असतं त्याची आपल्याला गरज आहे का. मॅननी हा प्रश्न विचारलेला नाही, पण त्याचं उत्तर त्यांच्या पानोपानी आहे.

पुस्तकाची बांधणी ग्रंथापेक्षा रोजनिशीची जास्त. प्रयोग, त्याचा दिवस, हवामान, निकाल. मग पुढचा प्रयोग. निष्कर्ष आधी सांगून पुरावे मागून जोडण्याची घाई नाही. एखादा डॉक्टर तापाचं एकेक कारण बाद करत जातो, तसे मॅन एकेक संशयित बाद करत जातात. पहिला संशयित माणूस. त्याला बाद करण्यासाठी त्यांनी आपल्या आवारात जमिनीत खोल रोवलेला काँक्रीटचा चौथरा बांधला आणि न हलणारा म्हणून त्याला जिब्राल्टरचं नाव दिलं. चौथऱ्यावर इंग्रजी व्हीच्या आकाराची लोखंडी खाच, आणि तीत नेमक्या गोल कड्यांवर पहुडलेली नुसती नळी. खांदा नाही, श्वास नाही, घोड्यावर थरथरणारं बोट नाही. नळ्याही साध्या नव्हेत. हॅरी पोपसारख्या त्या काळच्या नामांकित कारागिराच्या हातच्या. तरीही गोळ्या पांगतच राहिल्या. पुस्तकातलं खरं नाट्य इथे सुरू होतं, आणि लेखक ते आवाज न चढवता सांगतो.

सगळ्या पुस्तकात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो विद्रूप केलेल्या गोळ्यांचा भाग. मॅन चांगल्या गोळ्या घेतात आणि मुद्दाम बिघडवतात. कुणाचं टोक घासून वाकडं करतात, कुणाच्या कुशीत भोक पाडतात, कुणाचं बूड तिरकं कापतात. मग त्या त्याच नळीतून, त्याच खाचेतून झाडतात. आपली सहजबुद्धी सांगते की टोक बिघडलेली गोळी सर्वांत वाईट जाईल, कारण हवा कापायची ती टोकाने. कागदावरची भोकं उलटं सांगतात. टोकाच्या जखमेने गोळीचं फारसं बिघडत नाही. बुडाला झालेली इजा मात्र ती माफ करत नाही.

कारण नळीच्या तोंडाशी आहे. गोळी बाहेर पडते तेव्हा सर्वांत शेवटी सुटतं ते बूड, आणि त्याच क्षणी मागचा दाबलेला वायू कडेने फुटून बाहेर येतो. बूड सरळ असेल तर तो चहूबाजूंनी सारखा निसटतो. तिरकं असेल तर एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलून जातो. कुशीतल्या भोकाची गोष्ट वेगळी. भोकामुळे गोळीचा गुरुत्वमध्य अक्षापासून सरकतो. नळीत असेपर्यंत गोळीला आट्यांच्या धाकाने अक्षाभोवतीच फिरावं लागतं. बाहेर पडताच ती गुरुत्वमध्याभोवती फिरू पाहते आणि सुटताना एका बाजूला फेकली जाते. भोक कोणत्या दिशेला ठेवून गोळी भरली, त्यावर ती कुठे पडणार हे ठरू लागतं. चूक हुकमी करून दाखवता आली म्हणजे तिचं कारण सापडलं, ही मॅनची कसोटी. शास्त्रीय लेखनातला याहून स्वच्छ युक्तिवाद मी क्वचितच वाचला आहे.

यातलं गणित आज कुणालाही कागदावर करता येतं. नळीतला पीळ दर १० इंचांना एक फेरा असा धरा. गुरुत्वमध्य मिलिमीटरचा केवळ शंभरावा भाग सरकलेला असेल, तर १०० मीटरवर गोळी सुमारे २५ मिलिमीटर बाजूला जाते. पीळ १२ इंचांना एक असेल तर सुमारे २१ मिलिमीटर. या हिशेबात वेग येतच नाही: वेग वाढला की फिरकी वाढते, पण लक्ष्यापर्यंतचा वेळ तेवढाच घटतो. मॅननी वाटेत ठिकठिकाणी पातळ कागदाचे पडदे उभारून गोळीचा प्रवास टिपला, तो अशाच बारकाव्यांसाठी. पडद्यावरचं भोक जरासं लांबट दिसलं की ओळखावं, गोळी तिथे कलली होती.

आता हे पुस्तक हातात धरून दुकानातल्या दोन खोक्यांकडे पाहू. पहिल्यात साधी पूर्ण जॅकेटची गोळी, .२२३ रायफलसाठी ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास. टोक तांबूस, गुळगुळीत, बंद, दिसायला देखणी. ती उलटी करा. बुडाशी शिसं उघडं दिसेल आणि भोवती जॅकेटची दुमडलेली कड. कारण हिचा तांब्याचा पेला टोकाकडून घडवतात, शिसं बुडाकडून भरतात आणि कड मागे वळवतात. कारखान्यात वेगाने होणारी ही दुमड प्रत्येक गोळीत सारखी येईलच असं नाही, आणि ती येते नेमकी बुडाशी. दुसऱ्या खोक्यात उघड्या टोकाची मॅच गोळी, ६८ किंवा ६९ ग्रेनची. टोकाला बारीकसं छिद्र, कधी कड थोडी ओबडधोबड. नवख्याला वाटतं, माल सदोष आहे. हिचा पेला उलटा आहे: त्याचा बंद तळ म्हणजेच गोळीचं बूड, आणि शिसं टोकाकडून भरलेलं. कारागिराचा सगळा ओबडधोबडपणा टोकाकडे गेला, जिथे तो मॅनच्या प्रयोगात निरुपद्रवी ठरला होता. सिएराची मॅचकिंग, हॉर्नडीची तशीच मॅच गोळी, नॉस्लरची कस्टम कॉम्पिटिशन या सगळ्यांची घडण अशीच. महाग गोळीत आपण पैसे मोजतो ते चकाकीचे नव्हेत, सरळ बुडाचे आणि मधोमध असलेल्या गुरुत्वमध्याचे.

म्हणजे पहिलं खोकं टाकाऊ का? तसं नाही. ओहायोतल्या कॅम्प पेरीला होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धांतल्या २०० यार्डांच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ ७ इंचांचं असतं. जी स्वस्त गोळी तिथे ३ इंचांत बसते, ती उभ्याने नेम धरणाऱ्याचा गुण घालवत नाही. गुण जातो तो त्याच्या खांद्यामुळे. तीच गोळी ६०० यार्डांवर निदान ९ इंचांत पसरणार, आणि तिथलं दहाचं वर्तुळ १२ इंचांचं. वाऱ्यासाठी उरलं काय? म्हणून जाणते नेमबाज जवळच्या पल्ल्याला आणि सरावाला स्वस्त गोळी वापरतात, आणि महाग, जड, लांब गोळी दूरच्या पल्ल्यासाठी राखतात. मात्र त्याआधी नळीचा पीळ पाहावा लागतो. १२ इंचांना एक फेरा देणारी जुनी .२२३ नळी ६९ ग्रेनच्या लांब गोळीला स्थिर ठेवू शकत नाही. तिला ९ इंचांना एक किंवा त्याहून घट्ट पीळ बरा.

पुस्तकाचे दोष झाकण्यात अर्थ नाही. मॅनची वाक्यं लांब आणि गुंतलेली, तक्ते दाट, तेच प्रयोग थोड्या फरकाने पुन्हापुन्हा येतात. त्यांचे बहुतेक प्रयोग शिशाच्या गोळ्यांवरचे. जॅकेटची घडण तेव्हा आजच्याइतकी पुढे गेलेली नव्हती. पण फसलेले प्रयोगही त्यांनी छापले. नेमबाजीवर लिहिणारे बरेच जण सर्वांत चांगलं टार्गेट दाखवतात आणि बाकीची खिशात ठेवतात; मॅन सगळी टेबलावर मांडतात. पुढे पुस्तकाची पुनर्मुद्रणं निघाली. त्यांतल्या एकात हॅरी पोपने आपल्या प्रतीत केलेल्या टिपाही छापल्या आहेत. ज्याने नळ्या घडवल्या तोच समासात लेखकाशी वाद घालतो आहे, असं दुसरं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत आणि २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसाळे, दोघंही कोल्हापूरकडचे. त्यांच्या प्रकारातलं .२२ काडतूस घरी भरता येत नाही, कारण त्याला वेगळी टोपी नसते; ठिणगी पाडणारा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो. म्हणून या नेमबाजांना उरते ती लॉटची, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेल्या काडतुसांची, निवड. ईली आणि लापुआ या कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत नळी शिकंज्यात घट्ट धरून एकामागून एक लॉट झाडले जातात आणि त्या नळीला मानवेल तोच निवडला जातो. मिलफर्डच्या चौथऱ्यावर याहून वेगळं काय चाललं होतं?

म्हणून घाऊक गोळ्या घेणाऱ्याला सांगणं एवढंच. आधी नळीचा पीळ पाहा. पल्ला किती आणि वर्तुळ केवढं, हे ठरवा. एका लॉटचा शंभराचा एकच डबा घ्या. भराई प्रमाणित पुस्तकातल्या मर्यादेतच ठेवा. टेकूवरून निदान दहा-दहा बारांचे ग्रुप झाडा, कारण तीन बारांचा ग्रुप खोटी आशा दाखवतो. समाधान झालं तर त्याच लॉटच्या हजार घ्या. आणि डबा उघडल्यावर गोळी पहिल्यांदा टोकाकडून नव्हे, बुडाकडून पाहा.