जॅमच्या २४ बाटल्या आणि सराईत ग्राहक

ऑनलाइन दुकानाचं पान कसं असावं याबद्दल काहीही वाचायला घ्या, एक सल्ला हमखास भेटतो: पर्याय कमी दाखवा, नाहीतर ग्राहक गोंधळून काहीच न घेता निघून जातो. पुरावा म्हणून जॅमचा प्रयोग सांगतात. प्रयोग उत्तमच आहे, पण त्यावर उभा केलेला हा सल्ला मला पटत नाही. त्याचं कारण प्रयोगाच्या पद्धतीतच आहे.

शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा हा शोधनिबंध २००० सालचा. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात त्यांनी चव पाहण्यासाठी टेबल मांडलं. कधी त्यावर २४ प्रकारचे जॅम, कधी फक्त ६. २४ असताना जवळून जाणारे ६० टक्के लोक थांबले, ६ असताना ४० टक्के. पण थांबलेल्यांपैकी विकत घेणारे किती? २४ च्या वेळी ३ टक्के आणि ६ च्या वेळी ३० टक्के!

आता बारकावा बघा. स्ट्रॉबेरी, रास्पबेरी अशा नेहमीच्या चवी टेबलावर मुद्दामच ठेवल्या नव्हत्या. का, तर ज्याची आवड आधीच ठरलेली आहे तो थेट तीच बाटली उचलणार, मग संख्येचा परिणाम मोजायचा कसा? निर्णय अगदी योग्य. पण त्यामुळे झालं काय, तर ‘मला काय हवं ते मला माहीत आहे’ ही सराईत ग्राहकाची मुख्य ताकदच प्रयोगातून वगळली गेली. त्याच्यासाठी पान कसं असावं, याचं उत्तर या प्रयोगाकडे मागता येत नाही.

पुढचं संशोधनही हेच सुचवतं. अलेक्झांडर चेर्नेव्ह यांनी २००३ मध्ये दाखवलं की ज्यांच्या मनात आदर्श वस्तूचं चित्र स्पष्ट असतं, त्यांना मोठा संच सोयीचा पडतो. २०१० मध्ये शायबेहेने आणि सहकाऱ्यांनी ५० प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण केलं. जास्त पर्यायांचा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला.

रसायनं मागवणाऱ्या संशोधकाचं उदाहरण घ्या. त्याला सीएएस क्रमांक टाकायचा असतो. ग्रेड एलआर की एआर, शुद्धता किती टक्के, पॅक केवढा, हे एका ओळीत शेजारी शेजारी बघायचं असतं. पानावर मोठा फोटो, ‘लोकप्रिय निवड’ची पट्टी आणि बाकी सगळं ‘अधिक माहिती’च्या आत दडवलेलं असेल, तर चुकीचा ग्रेड मागवला जाऊ शकतो आणि त्यात वेळ आणि अनुदान दोन्ही जातं. अमेरिकेतली मॅकमास्टर-कार ही नट-बोल्टपासून सगळं विकणारी कंपनी याच्या उलट करते. वस्तू लाखोंनी, पण आकार, आटे, धातू अशा निकषांवर यादी झपाट्याने आटोक्यात येते. म्हणजे सराईताला नुसते जास्त पर्याय देऊन भागत नाही, ते कापायला त्याच्याच भाषेतली कात्री लागते.

पण ‘सराईत’ म्हणायचं कुणाला? अल्बा आणि हचिन्सन यांनी १९८७ मध्येच ओळख आणि कौशल्य यांत फरक केला होता. किती वेळा खरेदी केली, ही झाली ओळख. योग्य वस्तू निवडता येते का, हे कौशल्य. वेबसाइटकडे ऑर्डरींचा आकडा आयता असतो, म्हणून तोच अनुभव मानला जातो. पण पन्नास वेळा साड्या मागवणारी व्यक्ती त्याच साइटवर पहिल्यांदा लॅपटॉप घेताना नवखीच असते.

या विषयावर काम करणार असाल तर अनुभव कसा मोजणार हे आधी ठरवा. आणि कुठल्याही पेपरचा निष्कर्ष उचलण्याआधी पद्धतीच्या भागात एवढं शोधाच: इथे मुद्दाम काय काढून ठेवलंय?