नृसिंहाची चाल

अर्धा माणूस, अर्धा सिंह अशी मूर्ती शिल्पकाराला साधून जाते, कारण मूर्तीला चालावे लागत नाही. परभणीकडच्या आम्हां लोकांना पोखर्णीचा नृसिंह ओळखीचा. पण तो गाभाऱ्याबाहेर आला तर पाऊल कसे टाकील, हा प्रश्न भक्ताला पडत नाही. तो पडतो कार्टूनपट काढणाऱ्याला. २०२५ साली आलेल्या अश्विन कुमार यांच्या 'महावतार नरसिम्हा' ह्या चित्रपटाचे मोल ह्याच प्रश्नावर ठरवावयास हवे. टाळ्या किती पडल्या तो हिशेब वेगळा.

हलत्या चित्राची एक जुनी परीक्षा आहे. पात्राच्या अंगावरचा एकच बिंदू, नाकाचे टोक म्हणा, मनगट म्हणा, धरावयाचा आणि प्रत्येक चित्रात तो जेथे असेल तेथे टिंब द्यावयाचे. सेकंदाला चित्रे २४. टिंबे जोडली की हालचालीची वाट उमटते. पूर्वी हे दिव्यावरच्या काचेवर कागद ठेवून करीत, आता संगणक ती वाट आपणच काढून दाखवितो. सांध्यावर फिरणारा हात कमानीतून जातो. एखादे टिंब कमानीबाहेर पडले की पाहणाऱ्याला हिसका बसतो, आणि तो का बसला हे त्याला सांगता येत नाही. टिंबे दाट तेथे गती मंद, विरळ तेथे वेग. 'बँबी'वर काम केलेले डिस्नेचे क्लेअर वीक्स १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या चित्रकारांना शिकवावयास आले; त्यांच्या घराण्यात ही कमान म्हणजे मुळाक्षरच.

पण वाट गुळगुळीत झाली म्हणजे पात्र जिवंत झाले असे नव्हे. माणूस चालतो तेव्हा त्याचे डोके दर पावलाला वरखाली होते. दबा धरून येणाऱ्या सिंहाचे डोके जवळजवळ एका पातळीत राहते आणि खांद्याची हाडे आळीपाळीने वर येतात. मग नृसिंहाच्या डोक्याला वाट कोणती द्यावी? माणसाची दिली तर मुखवटा चढविलेला सोंगाड्या दिसेल. सिंहाची दिली तर दोन पायांवर तरंगत येणारे भूत!

युद्धप्रसंगात चित्रपट ही अडचण वेगाने ओलांडतो. टिंबे इतकी विरळ की मधली वाट प्रेक्षकाचा डोळाच भरून काढतो, आणि तेथे तो खरोखर जिंकतो. शांत प्रसंगांत मात्र अंगांना वजन कमी वाटते. हात पोचावयाचा तेथे पोचतो, पण वाटेत खांद्याने त्याला सोडलेले असते. दोष यंत्राचा नाही. यंत्र दोन स्थिती जोडून देते, मधली वाट पारखणारा डोळा देत नाही. भक्तीच्या कथेत असले बारकावे कोण पाहतो, असे कुणी म्हणेल. पण खांबातून आलेला खरा आहे, हे पटविण्यावरच तर ही सारी कथा उभी आहे.

हिरण्यकशिपूला फाडणारा नृसिंह त्या मानाने सोपा. प्रह्लादाच्या मस्तकावर हात ठेवणारा कठीण. पंजा तोच, नखे तीच, वाट मात्र आजोबांच्या हाताची. आणि मस्तकाजवळ येता येता टिंबे दाट, अगदी दाट पडावयास हवीत.