तळाचा स्वर

चर्चमधील गायनवृंद चार आवाजांत स्तोत्र गातो, तेव्हा बाकांवर बसलेल्यांच्या ओठी येते ती सोप्रानोची चाल. बास गाणाऱ्यांचे सूर घरी जाताना कुणी गुणगुणत नाही. ते डळमळले की मात्र सारे स्तोत्र डळमळते. लोकप्रिय संगीतात बास गिटारची स्थिती बरीचशी अशीच आहे. ज्या थोड्या गाण्यांत हा तळाचा स्वर स्वतःच गाऊ लागतो, त्यांत मार्विन गे याच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'चे स्थान फार वरचे आहे.

गाण्याचे बीज कॅलिफोर्नियातील बर्कली येथले. 'फोर टॉप्स' ह्या गायकसमूहातील रेनाल्डो बेन्सन याने १९६९ साली तेथे पोलिसांनी निदर्शक तरुणांना केलेली मारहाण पाहिली. अल क्लीव्हलंड आणि गे यांनी त्या अस्वस्थतेला पूर्ण रूप दिले. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीत १९७० मध्ये ध्वनिमुद्रण झाले. कंपनीचे संस्थापक बेरी गॉर्डी यांना गाणे रुचले नव्हते. तरीही १९७१ च्या जानेवारीत ते बाहेर पडले आणि पाहता पाहता सर्वतोमुखी झाले.

त्यात बास वाजविणारा जेम्स जेमर्सन (१९३६–१९८३) हा मूळचा दक्षिण कॅरोलायनाचा. डेट्रॉइटला आल्यावर शाळेत तो प्रथम उभा डबल बास शिकला. फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक बास गिटार त्याच्या हाती नंतर आली. उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने तो तारा छेडी. त्या तारा गुळगुळीत वेष्टनाच्या, आणि त्या बदलणे त्याला मंजूर नसे. त्यामुळे त्याच्या स्वराला धातूची चकाकी नाही; तो गोल, दबका, लाकडी वाटतो.

ह्या गाण्यात तो काय करतो? स्वरसंघाचा आधारस्वर ठोक्यावर देऊन मोकळे होणे, हे बासवादकाचे नित्याचे काम. जेमर्सन आधारस्वर देतो, पण तिथे थांबत नाही. ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे पाऊल टाकीत, मधल्या अर्धस्वरांना स्पर्श करीत तो पुढच्या स्वरसंघापर्यंत चालत जातो. मध्येच क्षणभर गप्प राहतो, आणि ती रिकामी जागाही चालीचाच भाग होते. वर गायक आईला, भावाला हाका मारीत आहे. गेचे दोन निरनिराळे गायनपाठ चुकून एकत्र वाजले आणि त्याला ते आवडले म्हणून तसेच राहिले; त्या दोन आवाजांखाली बास हा जणू तिसरा गायक आहे. शब्दांत शोक आहे, बासमध्ये तो नाही. माझ्या मते गाण्याचे सामर्थ्य ह्या विसंगतीत आहे. बासनेही रडका सूर लावला असता, तर गाणे केवळ करुण झाले असते.

ह्या ध्वनिमुद्रणाविषयी एक आख्यायिका सांगतात : जेमर्सनला एका क्लबातून शोधून आणले, मद्याच्या अमलामुळे त्याला धड बसता येईना, म्हणून त्याने जमिनीवर उताणे पडून वाजविले. अशा कथा कलावंताच्या व्यसनाला उगीच तेजोवलय देतात. मला संगीतसंयोजक डेव्हिड व्हॅन डेपिट यांचे म्हणणे अधिक मोलाचे वाटते. बासचा भाग आपण लिहून दिला होता आणि जेमर्सनने तो बहुतांशी तसाच वाजविला, असे ते सांगत. मग श्रेय कुणाचे? लिहिणाऱ्याने लिहिली ती जेमर्सनचीच भाषा, त्याची वळणे कानांत साठवून. आपल्याच शैलीत लिहिलेले पत्र आपणच वाचून दाखवावे, तसे हे झाले. कागद डेपिट यांचा असेल, बोली जेमर्सनची.

तोवर मोटाऊनच्या वेष्टनांवर वादकांची नावे छापीत नसत. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात आयुष्य घालविलेल्या गोमंतकीय वादकांचा अनुभव फारसा वेगळा नव्हता. १९७१ मध्ये ह्याच नावाचा गेचा संग्रह निघाला आणि त्यावर जेमर्सनचे नाव आले. पुढच्याच वर्षी कंपनीने आपला कारभार लॉस एंजल्सला हलविला. जेमर्सनही तिकडे गेला, पण हळूहळू त्याचे काम आटले.

मार्च १९८३ मध्ये पॅसडेना येथे मोटाऊनचा पंचवीस वर्षांचा सोहळा झाला. जेमर्सन त्यास हजर होता, तो तिकीट काढून, प्रेक्षकांत बसून. त्याच वर्षी २ ऑगस्टला त्याचे निधन झाले. 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचे नाव लागले ते २००० साली.