कागद आधी, फिल्म नंतर

नेमावरचा घाट नर्मदेच्या उत्तर काठावर, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून. हिवाळ्यात दिवसभर पायऱ्यांवर ऊन असतं. वर सिद्धेश्वराचं परमारकालीन देऊळ: भूमिज शिखर उन्हात लख्ख, आणि मंडपात पाऊल टाकलं की डोळे सरावायला वेळ लागतो. शिखर, आतले खांब आणि पलीकडची हंडियाची वाळू एकाच रोलवर घ्यायची, ही कृष्णधवल फिल्मची खरी कसोटी. चार हिवाळे निरनिराळे रोल घेऊन मी इथे आलो आणि एक गोष्ट पक्की होत गेली. ‘कोणती फिल्म चांगली?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. चित्र शेवटी स्कॅनरवर जाणार, कागदावर उतरणार की पडद्यावर पडणार, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

राजा दीनदयाळ इंदूरला नोकरीत असताना छायाचित्रणाकडे वळले. त्यांनी टिपलेल्या मध्य भारतातल्या वास्तू लेपेल ग्रिफिन यांच्या १८८६च्या ग्रंथात आल्या. त्या काळचा अल्ब्युमेन कागद मवाळ, म्हणून काचेवरची निगेटिव्ह भरगच्च आणि कडक काढावी लागे. कागद कसा आहे हे आधी माहीत असे, मगच काच धुतली जाई.

आज हा क्रम उलटला आहे. फिल्मकडे नव्याने वळलेल्या मुलांचं काम मी आस्थेने पाहतो. पण रोल बहुधा नावावरून घेतलेला असतो आणि निगेटिव्ह हातात घेतली तर पातळ निघते. स्कॅनर ती चालवून घेतो. त्याला जड जातात ते फार घट्ट झालेले उजळ भाग. संगणकावर टोन ताणता येतात, त्यामुळे मंडपाच्या छायेत काही नोंदलंच गेलं नाही हे लक्षातही येत नाही. चित्र फक्त स्कॅनच करायचं असेल तर इलफर्डची एक्सपी-२ सुपर घ्यावी. ती रंगीत फिल्मच्या रसायनात धुतली जाते आणि तिची प्रतिमा चांदीची नसून रंगद्रव्याची असते. म्हणून स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई तिच्यावर चालते. चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे ट्राय-एक्स किंवा एचपी-५वर ती सोय नाही, आणि धूळ हाताने टिपत बसावं लागतं.

प्रिंटसाठी माझी पसंती एफपी-४ प्लसला. डबीवर १२५ लिहिलेलं असतं. नेमावरच्या उन्हात मी ती ६४ धरतो आणि डेव्हलपिंगचा वेळ साधारण पाचवा हिस्सा कमी करतो. खांबांवरचं कोरीवकाम राहतं, शिखरही जळत नाही. टी-मॅक्स १००चा रवा अधिक बारीक, पण वेळ-तापमानात जरा चुकलं की उजळ भाग हाताबाहेर जातात. आणि माळव्यात तापमान चुकतंच. डेव्हलपरला वीस अंश हवेत, उन्हाळ्यात नळाचं पाणी तिशीच्या पुढे असतं. बर्फाच्या पिशव्यांवाचून काम होत नाही. बोअरचं पाणी जड, वाळताना डाग पडतात. शेवटची धुलाई मी बॅटरीच्या दुकानातल्या डिस्टिल्ड पाण्याने करतो. प्रिंटसाठी नीट काढलेली निगेटिव्ह स्कॅनरलाही चालते; स्कॅनरच्या भरवशावर काढलेली पातळ निगेटिव्ह एन्लार्जरखाली बहुतेकदा दगा देते.

सर्वांत जास्त हानी झाली ती पडद्याची. कृष्णधवल स्लाइड आपण जवळजवळ विसरलो. आग्फाची स्काला बंद होऊन बराच काळ लोटला. आज हाताशी आहे ती चेक बनावटीची फोमापान आर १००. तिचा पाया स्वच्छ पारदर्शक असतो. ३५ मिलिमीटरच्या बऱ्याच निगेटिव्ह फिल्मच्या पायात करडी छटा असते. त्यांची स्लाइड केली तर पडद्यावरचा पांढराही मळका दिसतो. रिव्हर्सल प्रक्रियेत आधी निगेटिव्ह प्रतिमा उमटवायची, ब्लीचने ती काढून टाकायची आणि उरलेल्या भागाला पुन्हा उजेड देऊन डेव्हलप करायचं. इथे चूक झाकायला कागदाचा ग्रेड नाही. अर्धा स्टॉप इकडेतिकडे झाला तरी डोळ्याला खुपतो. पाणी कोमट असेल तर परमँगनेटच्या ब्लीचमध्ये जिलेटिन मऊ पडून सुटू लागतं. दुसरी वाट सिनेमाची: निगेटिव्ह मवाळ ठेवायची आणि ती कडक पॉझिटिव्ह फिल्मवर छापायची. म्हणूनच जुन्या सिनेमाची मूळ निगेटिव्ह हाती नसेल आणि पडद्यासाठी काढलेल्या प्रिंटवरून स्कॅन करावा लागला, तर काळोखातले तपशील बुजलेले मिळतात.

उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल आता नाही. सगळा माल बाहेरून येतो, महाग पडतो, आणि रोल वाया जाईल या भीतीने कुणी रिव्हर्सलला हात लावत नाही. मला ही भीती कळते, तरी निदान एक रोल तसा धुऊन पाहावा.

गेल्या कार्तिकात घाटाजवळच्या धर्मशाळेत, चुन्याच्या भिंतीवर, मी वीसेक स्लाइड दाखवल्या. वाळूवरच्या लाटांच्या रेघांतला पांढरा मला कागदावर कधीच मिळाला नव्हता. एक म्हातारे नावाडी उठून भिंतीपाशी गेले. चित्रातल्या वाळूच्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, हा पावसाळ्यात वाहून गेला. मग ते बाजूला झाले, कारण त्यांची सावली नदीवर पडत होती.