कोणता ब्राउझर चांगला?

मंडळी, इंदिरानगरात संगणकावर बोलायला उभं राहिलं की एक प्रश्न ठरलेला असतो: क्रोम चांगला, एज चांगला की फायरफॉक्स? आज तिथूनच सुरुवात करू.

आमचं म्हणणं असं, की हा वाद आपण नावांवरून घालतो, इंजिनावरून नाही. वेबपान पडद्यावर मांडणारी मोठी इंजिनं आज तीनच: क्रोमचं ब्लिंक, सफारीचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. मायक्रोसॉफ्टच्या एजने २०२० मध्ये स्वतःचं इंजिन सोडून क्रोमियम घेतलं. ऑपेरा, ब्रेव्ह त्याच घरातले. केंद्र सरकारने २०२३ मध्ये भारतीय ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली, पहिलं बक्षीस झोहोला मिळालं. पण झोहोचा उला? तोही क्रोमियमवरच! पाटी बदलली, भट्टी तीच.

क्रोम वेगवान आहे, मान्य. पण क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन तिथे बंद पडलं. फायरफॉक्समध्ये ते चालतं. दुसरं घर शिल्लक होतं, म्हणून जायला जागा होती.

एके काळी कितीतरी सरकारी साइट फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालायच्या. २०२२ मध्ये तोच निवृत्त झाला. आता एखादा फॉर्म 'क्रोममध्येच उघडा' म्हणतो, तेव्हा आम्हाला तेच दिवस आठवतात.

म्हणून आमचं मत फायरफॉक्सला. मोझिलाचं बरंचसं उत्पन्न गूगलकडूनच येतं, हा त्यातला कच्चा दुवा. तरीही रोजचं काम तिथे करा, अडलं तरच क्रोम उघडा.